माणिकबाईच्या पानमळ्याचे दार

अकोला, वैशाख शुद्ध पंचमी, शके १७८८

प्रिय शेषराव,

प्रथम घडले ते घडले त्याच क्रमाने मांडतो. अमेरिकेत लढाई चालू होती आणि कापसाला सोन्याचा भाव होता, तेव्हा आपल्या गावच्या नत्थुजी बारी या पानमळेवाल्याने तुझ्या पेढीकडून तीन कर्जखतांवर बैल आणि गाड्या उधार घेतल्या. लढाई थांबली, भाव कोसळला, पुढे नत्थुजीही वारला. खते फेडायची राहिली. त्याची विधवा माणिकबाई हिच्यावर तू अमरावतीच्या कचेरीत तीन दावे लावलेस. समन्सवाल्याने ‘घेण्यास नकार’ असा शेरा दिला, तारखेस ती आली नाही, आणि तिन्ही हुकूमनामे एकतर्फी झाले. आता तिचा पानमळा लिलावास निघाला आहे. हुकूमनामे रद्द व्हावेत असा अर्ज तिचा वकील म्हणून मी गुदरला आहे. तुला राग आला असेल. येऊ दे.

अर्ज लिहिण्याआधी मी त्या समन्सवाल्याला गाठले. मनुष्य आळशी आणि त्याचे मोडी अक्षर त्याहून आळशी. पण विचारल्यावर खरे सांगितले. तो मळ्याच्या दाराशी गेला तेव्हा बाई आतून म्हणाली, “जोडे काढून ये बाप्पा, नाहीतर तिथंच बस. वेल हातात हाय, बांधून येतो.” सरकारी जोडा बारणीच्या दारात निघत नसतो, असे याने सुनावले. “मंग सरकारले सावलीत बसव,” ती म्हणाली. ती बाहेर येईपर्यंत हा निघून गेला होता. नकार म्हणतात तो एवढाच.

नंतर मी मळ्यात गेलो, अनवाणी. पुण्यास असताना मी पुष्कळ देवळे पाहिली आणि बहुतेकांत काही ना काही उणे काढले. इथे मला काढता आले नाही. बाहेर काळी जमीन भेगाळलेली आणि वारा भाजणारा. कुडाच्या आत पाऊल टाकले आणि माती ओली, गार लागली. पांगाऱ्यांच्या अंगाने वेल चढलेले, पानावर पान, आणि त्यांतून गाळून आलेला उजेड असा, की आपण हिरव्या पाण्याच्या तळाशी उभे आहोत. माझा आवाज आपोआप खाली आला. माणिकबाई लव्हाळ्याने वेल बांधत होती. तिने मान वर केली नाही. “सासऱ्यानं लावेल हाय हा,” एवढेच म्हणाली. दरवर्षी वेल उतरवून मातीत निजवायचा आणि तो पुन्हा चढेपर्यंत राखायचा, हे ती आयुष्यभर करीत आली आहे. मी खाली बसून तिला लव्हाळ्याच्या काड्या पुरवू लागलो. मला ओळखणारा कोणी यावर विश्वास ठेवणार नाही.

त्या उजेडात तू आठवलास. लहानपणी आपण दोघे तिथे गेलो होतो. तुझ्या पायांत अचलपूरहून आणलेले तांबडे जोडे होते आणि तू ते काढीनास. माणिकबाई खाली बसली, स्वतःच्या हाताने तिने ते काढले आणि कुत्र्याने नेऊ नयेत म्हणून कुडावर टांगले. आत गेल्यावर तू माझ्या कानाशी लागून विचारलेस, “इथं देव निजला हाय काय?”

तुझ्या जबाबात मात्र असे आहे की, पानमळ्यात जोडे काढूनच जायचे अशी काही रीत असल्याचे तुला ठाऊक नाही.

साहेबांनी सुनावणीसाठी एकच मुद्दा ठेवला आहे: दाराशी अडवणे हा नकार होता की रीत. पुढील तारखेस तुला शपथेवर उभे करून मला त्या जोड्यांविषयी विचारावे लागेल, आणि मी विचारीन. भरल्या कचेरीत ते करण्याची माझी इच्छा नाही, म्हणून हे पत्र. बाई देणे नाकारीत नाही. तिचे म्हणणे ऐकून मग निवाडा व्हावा, इतकेच तिचे मागणे आहे. हुकूमनामे रद्द होण्यास तुझी संमती पाठव. ती द्यायची नसेल तर ते जोडे कोणी काढले, तेवढे लिहून पाठव. उत्तर तुझ्या हातचे आणि लेखी हवे. मुनिमाकरवी आलेला तोंडी निरोप मी ऐकून घेणार नाही.

अजून तरी तुझाच,
त्र्यंबक