तुझ्या गाठीची मेथी

प्रिय आई,

पत्र लिहावं एवढं माझं शिक्षण नाही, नववीतच शाळा सुटली. पण काल वर्ध्याहून ताईचा फोन आला आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही. बाबांजवळ विषय काढला की ते चिडतात. मग तुलाच विचारतो.

ताईला सातवा महिना लागला, आई! तू असतीस तर एव्हाना तिला आंजीला, माहेरी घेऊन आली असतीस.

फोनवर ती हसतही होती, रडतही होती. "मंग्या, बाजारात मेथी पाह्यली अन् मले गाठच ओयखू आली! सगळ्या जुड्यायले रबर, अन् एका पाटीत केळीच्या सालीचं सोपट बांधलेलं, आईची गाठ! दोन जुड्या आणल्या. आल्याबरोबर कच्चीच खाल्ली, भाकरीसंग."

"धुतली होती ना?" मी विचारलं.

"काऊन रे? घरचीच त होय!"

ती घरची नव्हती, आई. ती बाजाराची होती.

विहिरीजवळचा आपला वाफा आठवतो ना? त्यावर तू कधी फवारा मारू दिला नाहीस. "हे आपल्या पोटाचं," म्हणायचीस. बाकीची मेथी बाजाराची. औषधाच्या डब्यावरचं मी वाचून दाखवायचो, फवारल्यावर इतके दिवस तोडू नका. तू म्हणायचीस, "तवरक मेथी फुलावर येते, राजा."

मग ती बाजाराची मेथी कोणाच्या पोटात जात होती? रागावू नकोस. मीही कधी विचारलं नाही.

तू गेल्यावरची ही पहिलीच मेथी. गाठ मी तुझीच बांधतो, सगळ्याच जुड्यांना. दुसरी मला येत नाही.

दुकानदार म्हणतो, हिरव्या त्रिकोणाचा डबा ने, त्यात विष कमी. कमी म्हणजे किती? निंबोळी अर्कावर भागवावं, तर पानांना छिद्रं पडतात. बाबा म्हणतात, "जा मंग, बाजारात छिद्रं इकत बस!" त्यांचंही खोटं नाही. आणि आपला वाफा तरी कुठे सुटला, आई? वारा काय धुऱ्यापाशी, बांधापाशी थांबतो? फवाऱ्याचा पंप तर आपण त्या विहिरीपाशीच धुतो!

ताईला सांगू का? सांगितलं तर तिच्या तोंडची तुझी चव जाईल. नाही सांगितलं तर पुढच्या बाजाराला ती पुन्हा सोपटाचीच जुडी शोधेल.

एवढा शब्द देतो. फवारलेल्या जुडीला आजपासून तुझी गाठ नाही. बाबांनी कुरकुरत दोन वाफे दिलेत, ते अर्कावरच ठेवीन. पंप विहिरीपासून दूर नेईन. पण ताईला त्याआधीच, येत्या बाजारापूर्वी जाऊन, समोर बसून सगळं सांगीन. मग छिद्रांची का होईना, तुझ्या गाठीची जुडी तिला मीच नेऊन देत जाईन.

उरलेल्या जुड्यांना रबर लागेल. त्या कोणाची ताई खाईल, ते मात्र मला अजून सुटत नाही.

तुझा,
मंगेश