लेबलामागचा तळ

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमचं औषध महिनाभर पाण्यासारखं नितळ राहिलं. ते चूक होतं. नितळ होतं ते वरचं. तळ मी पाहिलाच नव्हता. लहानपणी तू मला शंकासुर म्हणून चिडवायचीस. नेमकी या वेळी शंका आली नाही.

आपल्या मागच्या खोलीत तू खोकल्याचा काढा भरायचीस आणि मला लेबलं चिकटवायला बसवायचीस. काढ्याला गाळ बसायचाच, आणि गाळ दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून लेबल अगदी बुडाला टेकवायचं. त्या गाळाने कुणाचं काही बिघडत नव्हतं, बाटली हलवली की झालं. शाळेआधी शिकलेलं हे. हात अजून तेच करतात. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांनाही मी लेबलं तशीच लावली, आणि वरच्या भागामागे छापील कागद धरून अक्षरं वाचता येतात का, एवढंच बघत राहिले. परवा फ्रिजमधल्या एका बाटलीचं लेबल ओलं होऊन सुटलं. तळाशी बारीक पांढऱ्या सुया होत्या. हलवूनही विरघळेनात.

हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून तर तुझ्या गोळ्या पोटातून आल्या तशा निघून जातात. आम्ही ते तेलात विरघळवतो आणि त्या तेलाचे इतके बारीक थेंब पाण्यात ठेवतो की डोळ्यांना काही दिसत नाही. तेलापाण्याचं पटवायला साबणासारखा एक मध्यस्थ लागतो. मी हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, म्हणजे तुझ्या आई आणि आजीच्या मधली मी. पण मध्यस्थालाही झेपेल तेवढंच झेपतं. दिवसाला चार चमचे घशाखाली उतरणार नाहीत, अशी तुझी कुरकुर होती, आणि सगळं एका चमच्यात बसावं म्हणून तेवढ्याच तेलात औषध वाढवायचा हट्ट मी धरला. गारव्यात ते जास्तीचं बाहेर पडलं. म्हणजे वरचे चमचे फिके, आणि तळाचे नको तितके जहाल.

आमच्या प्रमुख बाईंना मी ती बाटली दाखवली. त्या वाईट नाहीत, थकल्या आहेत. म्हणाल्या, "एकाच बाटलीत ना? आधी चाचणी सुरू तर होऊ दे." मग मी बाकीची लेबलं सोलली. फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीत सुया आहेत.

आणि हे औषध ज्यांना पहिल्यांदा द्यायचं, त्या रुग्णांत तू आहेस. तुझं आडनाव वेगळं, म्हणून आपलं नातं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी गप्प बसले. सुयांचं सांगितलं तर चाचणी लांबेल. औषध बनवणाऱ्यांच्या नातलगांना चाचणीत घेत नाहीत, म्हणून नात्याचं सांगितलं तर तुझी जागाच जाईल, आणि तुझ्याकडे थांबायला किती वेळ आहे, ते आपण दोघी फोनवर उच्चारत नाही. फक्त सुयांचं सांगावं, नातं झाकून ठेवावं, असंही मनात येऊन गेलं. पण तेही लेबल बुडाला टेकवल्यासारखंच.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी तुला लिहिते आहे. रागाव, पण बाटली हातात आलीच तर उघडू नकोस. वाटप बुधवारी आहे. मी दोन्ही गोष्टी सगळ्यांसमोर सांगणार आहे, सोमवारी सकाळी.

तुझीच,
शंकासुर