मोकळ्या बाजूच्या लाटा

करंजाडे,
७ सप्टेंबर

चि. क्षिप्रास बाबांचे अनेक आशीर्वाद, आणि पाकिटातून सांडेल तो लाकडाचा भुसाही तुलाच.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे सध्या गप्प आहेत. तुझ्या शिपयार्डात गेटवर फोन जमा करतात आणि तुझं राहणंही आतच, त्यामुळे तुझ्या हॉस्टेलच्या दिवसांतली आपली पत्रं पुन्हा सुरू झाली, हे मला बरंच वाटतं. फोनवर तू माझ्या आवाजावरून नको ते ओळखतेस. अक्षराला मात्र नावं ठेवू नकोस. हे नवं पेन फार बारीक आहे, बोटांत ठरत नाही. आणि हो, तुझा तो निळा नांगरवाला कप फुटला. त्याचा कान पहिल्यापासूनच निसरडा होता.

आता मुद्द्याचं. तू आखून दिलेली होडी घराखालच्या पार्किंगमध्ये लाकडी घोड्यांवर पालथी पडली आहे. सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाली, आता घासकाम चालू आहे. आधी मशीनने, मग लांब फळीला पॉलिश पेपर लावून हाताने. घासायचं म्हणजे गुळगुळीत करायचं, अशी माझी समजूत होती. पण गुळगुळीत पृष्ठभागसुद्धा लाटालाटांचा असू शकतो, हे मला या वयात कळलं. डोळ्याला काही दिसत नाही, बोटं फिरवली की कळतं. डोळे मिटून फिरवली तर जास्तच कळतं. असं का होत असेल? डोळे बंद केले की बोटांना कान फुटतात की काय, कोण जाणे.

आणि इथेच एक कोडं पडलं आहे. होडीची एक बाजू भिंतीला लागून आहे. तिथे मी अंग चोरून, तिरका होऊन घासतो. उजेड नाही, कोपर भिंतीला घासतं. दुसरी बाजू मोकळी, रस्त्याकडची, ऐसपैस. परवा संध्याकाळी टॉर्च आडवा धरून पाहिलं, तर भिंतीकडची बाजू तुझ्या रेषेसारखी सरळ निघाली आणि मोकळ्या बाजूवर सगळ्या लाटा! जिथे हाल तिथे काम चोख, जिथे आराम तिथे घोटाळा. आहे की नाही गंमत?

माझा पहिला संशय प्लायवूडवर. पण दोन्ही बाजूंना एकाच गठ्ठ्यातलं आहे. मग लांबीवर. रस्त्याकडून ओल येते, लांबी नीट सुकली नसेल, म्हणून दोन दिवस पंखा लावून ठेवला. फरक शून्य. मग फळीवर. नवी फळी कापून आणली. लाटा तशाच.

शेजारचे पंढरीशेठ रोज येऊन बघून जातात. काल म्हणाले, "नंदूशेठ, होरी हाय का आरसा? खड्डा काय मासलीला दिसनार हाय?" मी म्हटलं, मासळीला नाही, माझ्या मुलीला दिसेल. तर म्हणतात, "मंग रंग जाड मारा ना!"

आईचं मत पंढरीशेठच्याही पुढचं. नाचता येईना, अंगण वाकडं, म्हणाली आणि वर गेली. हल्ली तिला माझ्यावर रागवायला कारण लागत नाही. ती तुला काही बोलली, तर फार मनावर घेऊ नकोस.

तुला काय वाटतं ते कळव. दिवाळीत पनवेलच्या खाडीत उतरवायची म्हणजे उतरवायची.

तुझा,
बाबा


करंजाडे,
२१ सप्टेंबर

चि. क्षिप्रास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. सगळं वाचलं, पण अडकलो शेवटच्या ओळीवर. "बाबा, मोजणारं तपासलंत का?"

माझंच वाक्य मला परत पाठवलंस. तळोज्याच्या कारखान्यात मीटर तपासत आयुष्यभर मी हेच केलं. प्रेशर चुकीचं दिसतंय, अशी बोंब झाली की नवीन पोरं पाइप उघडायला धावायची. मी ओरडायचो, आधी मोजणारं तपासा, मग मोजलेलं. तू सहावीत असताना माझा ताप मोजायच्या आधी थर्मामीटर स्वतःच्या काखेत लावून बघायचीस, ते त्यातूनच आलं. आणि मी मात्र प्लायवूड तपासलं, लांबी तपासली, फळी तपासली, पंखासुद्धा लावला.

तुझा रोख फळीवर असणार. पण घासताना मी फळीने मोजत नाही. बोटांनी मोजतो.

मग सुचलं, की भिंतीकडे तिरका उभा राहिलो की फिरवायला फक्त डावा हात मोकळा असतो. मोकळ्या बाजूला उजवा.

त्या दुपारी जेवण झाल्यावर आईला म्हटलं, तुझा एक केस दे. तिने विचित्र नजरेने पाहिलं, पण दिला. टेबलावर तो केस, त्यावर वहीचा कोरा कागद. मी डोळे मिटायचे आणि कागदावरून बोट फिरवून केस कुठे आहे ते सांगायचं. आई प्रत्येक वेळी त्याची जागा बदलणार. डाव्या हाताने लगेच सापडला. पुन्हा ठेवला, पुन्हा सापडला. खरं सांगतो, मला लहान मुलासारखी मजा वाटत होती. एवढासा केस, वर कागद, आणि बोटाला बरोबर कळतं!

"आता उजव्याने," आई म्हणाली.

मी फिरवत राहिलो. कागद संपला. डोळे उघडले, तर आई तोंडाला पदर लावून बसली होती. केस माझ्या बोटाखालीच होता.

आता जे तुला सांगायचं नाही अशी आईला शपथ घातली होती, ते सांगतो. जुलैपासून उजव्या हाताला मुंग्या येतात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मनगटात नस दबली आहे, छोटं ऑपरेशन करून मोकळी करायची. उशीर केला तर बोटांची जाणीव परत येईलच असं नाही. आणि ते घासायचं मशीन आधी बंद करा, त्याच्या थरथरीने नस आणखी दुखावते. मी म्हटलं, दिवाळीनंतर करू. तुला कळवलं असतं तर तू होडी थांबवली असतीस. म्हणून नाही कळवलं. मुंग्यांचं काय एवढं, येतात नि जातात, असं मी स्वतःलाही सांगत होतो. पण मुंग्या कमी झाल्या, त्या बरं वाटल्यामुळे नव्हे, बोटं बधिर झाल्यामुळे. पेन बारीक नव्हतं. कपाचा कानही निसरडा नव्हता.

आई चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं. तिने मशीनची वायर गुंडाळली, कपाटात ठेवली आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. "माणूस आधी सरळ करा," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी ऑपरेशन आहे. आईने तारीख घेतली, मी हो म्हटलं.

क्षिप्रा, मला भीती वाटते आहे. सुरीची नाही. होडी एक वर्ष उशिरा पाण्यात गेली तरी माझं काही बिघडत नाही. पण काल मनात आलं, तू दिवाळीला दारात येशील, वाकून नमस्कार करशील, मी सवयीने उजवा हात तुझ्या डोक्यावर ठेवीन, आणि मला तुझे केस लागलेच नाहीत तर? त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

मोकळ्या बाजूला मी आता हात लावणार नाही. टॉर्च धरून दिसले त्या खड्ड्यांभोवती पेन्सिलने गोल काढून ठेवले आहेत. पंढरीशेठ म्हणतात, देवी आलेल्या पोरासारखी दिसते होरी. दिसू दे. ती बाजू तुझी. रेषा तुझी आहे, आता हातही तुझा लागू दे. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन आणि नको तिथे नाक खुपसेन. घासताना मध्येच थांबून माझं बोट धर आणि खड्ड्यावर ठेव. लागला तर सांगेन. नाही लागला, तर तेही सांगेन. आता लपवणार नाही.

हे शेवटचं डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कोंबडीच्या पायांचं आलं आहे, पण सध्या माझा हाच हात खरं बोलतो. त्याच हाताने तुला आशीर्वाद.

तुझी वाट पाहणारा,
बाबा