कोरड्या नळाखाली

१२ मार्च २०१६

आज माझ्यामुळे गल्लीत भांडण झालं.

दुपारी आडवी पडले होते. यांची हाक आली — "विशाखाची माय, पाणी सुटलंय!" उठले, घागरी नेऊन नळाखाली लावल्या. जळकोटच्या नळाला कित्येक महिने थेंब नाही, हे मला माहीत आहे. यांना जाऊन दीड वर्ष झालं, तेही माहीत आहे. पण हाक आली की हात घागरीकडे जातात. आयुष्यभर गावाला पाणी सोडलं यांनी. चावी फिरवायची, सायकलवर बसायचं आणि दारावरून जाताना हाक द्यायची.

पार्वतीबाईनं माझ्या घागरी पाहिल्या. पाणी सोडणाऱ्याची बायको घागरी लावते म्हणजे खबर पक्की! तिनं लावल्या, तिचं बघून पंचफुलानं. अर्धी गल्ली डबे घेऊन उन्हात उभी. तेवढ्यात मारुतीच्या पाराकडे टँकर आला आणि आमच्या बायका इथं नळाकडे बघत बसल्या. टँकर गेला रिकामा होऊन. मग सगळ्या माझ्या दारात. पार्वतीबाई म्हणाली, "तुला येड लागलं तर लागू दे, आमाला कामून उन्हात वाळवलंस?"

चांगुणा मधे पडली म्हणून निभावलं. यांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर यांनीच समोर खोली बांधून दिली, तेव्हापासून तिथंच. संध्याकाळी तिनंच विशाखाला फोन केला.

१३ मार्च

लेक नांदेडहून आली. शाळेला रजा टाकून. तिचे दोन हट्ट — एक तर नांदेडला चल, नाहीतर लातूरच्या एका मॅडमना भेट. मानसशास्त्रज्ञ म्हणे. तिच्या शाळेतल्या एका बाईंना फार गुण आला.

"माय, येड्यांचा दवाखाना न्हाई गं तो. नुसतं बोलायचं असतंय."

बोलायला लातूर गाठायचं!

पण नांदेडला गेले तर हाक येणार नाही. ती या दाराची आहे, या रस्त्याची आहे. म्हणून लातूरला हो म्हटलं. आता एकच भीती — त्या मॅडमनीच हाक बंद केली तर? पंचफुला तर म्हणते करंट देतात. करंटचं मला काही वाटत नाही.

१९ मार्च

लातूरला जाऊन आले. चांगुणा सोबत.

तपासणीला जायचं म्हणून सकाळपासून उपाशी. चहासुद्धा नाही. पिशवीत जुने एक्स-रे, साखरेचा रिपोर्ट, यांचेही कागद. चांगुणानं बसमध्येच बजावलं होतं, "इच्यारलं तर मी सांगते, तू गप ऱ्हा." डॉक्टरकडे आम्ही अशाच जातो. दुखतं एकीचं, सांगते दुसरी.

मॅडमनी तिला बाहेर बसवलं! तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

आत दोन खुर्च्या. नाडी नाही, दंडाला पट्टा नाही, झोपायला कॉट नाही. एक्स-रे काढून दिला तर त्या हसल्या नाहीत, नीट घेऊन बाजूला ठेवला. उपाशी आहे कळल्यावर बिस्किटं मागवली आणि मी खाईपर्यंत थांबल्या. मग सांगितलं — मी गोळ्या देत नाही. गोळ्यांची गरज वाटली तर तुम्हाला विचारून दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवीन. इथलं बोलणं इथंच राहील, लेकीलासुद्धा सांगणार नाही. फक्त तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला सांगावं लागेल. पाऊण तास आपला. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. सुरुवातीला घरी गेल्यावर जास्त त्रास होईल, तेव्हा घाबरू नका.

मग सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का. असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मरावंसं नाही, जेवावंसं वाटत नाही. दुसरे आवाज येतात का, काही करायला सांगतात का — नाही. एकच हाक.

"मालकांचं नाव काय?"

मी दाराकडे बघितलं. नाव घ्यायची वेळ आली की चांगुणा घेते, रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे. ती बाहेर. मॅडम थांबल्या. घाई नाही, की दुसरा प्रश्न नाही. शेवटी घेतलं — केरबा. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा. आणि तिथंच रडले. त्यांनी रडू दिलं.

निघताना मी भीती सांगून टाकली. त्या म्हणाल्या, माणूस गेल्यावर पुष्कळांना अशी हाक येते, ते वेड नाही. "आणि ती मी काढून घेणार नाही. मला काढताही येत नाही."

२० मार्च

चांगुणा अजून फुगलेली. "सुई न्हाई, गोळी न्हाई. नुसतं बोलायलाच जायचं हुतं तर मी काय मेले हुते?"

२ एप्रिल

आज मॅडमनी विचारलं, आधीचे केरबा कसे होते? मला वाटलं यांचं आजारपण सांगायचं. त्या म्हणाल्या, त्याच्या आधीचे.

म्हणून बहात्तर सालापासून सुरुवात केली. दुष्काळी कामावर मी खडी फोडायला. मजुरांना पीठ-गुळाची सुकडी वाटायचे, त्या रांगेत हे माझ्यापुढे. भांडं नव्हतं म्हणून डोक्यावरची टोपी उलटी धरली! सुकडीवाला ओरडला, मी हसले. तेवढ्यावर पुढं लग्न झालं.

नंतर पंचायतीत पाणी सोडायचं काम लागलं. सासूला ज्या विहिरीवर कुणी दोर टाकू दिला नव्हता, त्या विहिरीच्या मालकाच्या नळाला यांनी सोडलेलं पाणी जायचं. सासू मुद्दाम रस्त्यावर उभी राहून बघायची. हे म्हणायचे, "माय, घरी जा, पाणी काय लग्नाची वरात हाय?"

पाऊण तास कधी संपला कळलं नाही. मॅडमनी एक काम दिलं. हाक आली की लगेच उठायचं नाही. आधी उत्तर द्यायचं.

उत्तर? जिवंतपणी मी कधी दिलं नाही. हाक आली की पळायचं. पाणी काय थांबतं का!

९ एप्रिल

हाक आली. बसून राहिले. हात शिवशिवत होते. म्हटलं, "न्हाई हो सुटलं. धरणातच न्हाई तर सुटंल कुठून?"

बोलल्यावर हसू आलं. यांनाही आलं असतं.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. दरवर्षी मिरवणुकीत सरबत असतं, यंदा पोरांनी पाण्याचे जार ठेवले. कुणीच तक्रार केली नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणून टीव्हीवर दाखवतात. पारावर दुसरीच चर्चा — उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार.

लातूर जिल्हा झाला तेव्हा विशाखा पोटात होती. तोवर कचेरीचं काम म्हटलं की उस्मानाबाद. हे मला मुद्दाम लातूरला घेऊन गेले, नवा जिल्हा दाखवायला. बघायला होतं काय? गर्दी, पताका, रंगाचा वास. भजी खाल्ली. येताना म्हणाले, "जिल्हा जवळ आला, आता लेकरू साहेब होईल." ती पुढं मास्तरीण झाली. विशाखाच्या पुस्तकांवरच मी वाचायला शिकले, हे कंदील धरून बसायचे आणि आधी हेच डुलकी घ्यायचे.

२६ एप्रिल

हाक येत नाही. उत्तर दिलं त्या दिवसापासूनच नाही. आधी वाटलं, चुकून झोप लागली असेल. रोज दुपारी दाराशी बसते. सायकली जातात. हाक नाही.

मॅडम काढणार नाही म्हणाल्या होत्या.

२८ एप्रिल

जेवले नाही. लातूरला जाणार नाही. विशाखाला सांगून टाकलं.

७ मे

चांगुणानं जबरदस्तीनं बसमध्ये बसवलं. "भांडायचं तर तिच्या तोंडावर भांड. माझ्या खोलीत येऊन कशाला रडतीस?"

भांडलेच. म्हटलं, तुम्ही माझा माणूस नेला. एकच गोष्ट उरली होती, तीही नेली. आवाज इतका चढला की बाहेर सगळ्यांना ऐकू गेला असणार. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, माझ्यावर राग आला ते इथं येऊन सांगितलंत, बरं केलंत. हाक परत येईल की नाही, मला माहीत नाही. आली तरी ठीक, नाही आली तरी तुमचं काही चुकलेलं नाही. मग विचारलं, पाण्याशिवाय ते आणखी काय काय म्हणायचे?

काय नाही म्हणायचे! भाकरी करपली की "आज काळ्या बाजाराचा माल दिसतोय". मी पुस्तक घेऊन बसले की "बॅरिस्टरबाई". सांगत गेले आणि प्रत्येक बोल त्यांच्याच आवाजात येत गेला. कानात नव्हे. माझ्याच तोंडात.

हाक यायची तेव्हा बाकीचं कधी आठवलंच नव्हतं. पाण्याची ती एकच ओळ धरून बसले होते. बाकीचा माणूस कुठं ठेवला होता मी?

परतताना भूक लागली. अहमदपूरला उतरून भजी खाल्ली. चांगुणाला बॅरिस्टरबाईचं सांगितलं, वाटलं हसेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हटलं बस लागली असेल.

१५ मे

दोन घागरी पंचफुलाला दिल्या. मला एकटीला एवढ्या लागत नाहीत. पार्वतीबाई टँकरच्या रांगेत माझी जागा धरून उभी होती. मला बघून सरकली फक्त.

विशाखाला सांगितलं, जूनमध्ये नांदेडला येते, आठ दिवस. कायमची नाही.

२८ मे

आज लातूरला माझी वेळ झाली आणि उठली चांगुणा. "वैनी, आज मी जाऊ का आत?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

दार लोटताना वळून म्हणाली, "तुला हाक तरी येत हुती. मला दादानं येकदाबी न्हाई मारली."

मी तिची पिशवी घेऊन बाहेर बसले.