तुमच्या पाठीवरचा चौकोन

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या पाठीवरचा तो चौकोन मला आजही डोळे मिटून काढता येईल. उजव्या खांद्याच्या पात्याखाली, तळहाताहून थोडा मोठा, कडा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. मध्ये पिवळट ओलं मांस, काठाला काळपट कातडी. आणि वास. तुमच्या लेकीला तो वास सोसवला नाही. ती उंबऱ्यातूनच म्हणायची, "जिनं भाजलं तिनंच धुवावं." मी पातेल्यात पाणी उकळायचे, निवू द्यायचे, कापूस बुडवायचे. तुम्ही पालथ्या पडून उशी दातांत धरायचात आणि लेकीच्या त्या बोलण्यावर एक शब्द काढायचा नाहीत. मला आज त्या गप्प बसण्याबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या नवापूरच्या घरात मी सफाळ्याकडून सून होऊन आले. आमच्याकडे भातशेती, मासळी आठवड्यातून एकदा दारावर येणार तेवढीच. लग्नानंतर पहिल्यांदा मी बोंबील साफ करायला बसले, तेव्हा तुम्ही थोडा वेळ उभ्या राहून बघितलंत आणि माझ्या पुढ्यातला अख्खा वाटा उचलून अंगणात कोंबड्यांपुढे टाकलात. "भातवाली हाय, हिला काय कलनार!" बायका हसल्या. तुम्ही मात्र हसला नाहीत, हे मला जास्त लागलं. पुढे तुम्हीच मला कल्ला उघडून ताजी मासळी ओळखायला शिकवलंत, तेही शिव्या देत. पण शिकवलंत नीट. बोईसरच्या बाजारात मी आजही कोणाकडून फसत नाही.

तुमचा मुलगा बोईसरच्या कारखान्यात लागला, पाळ्या सुरू झाल्या, आणि त्यानं तिथे एक खोली बघितली. तो मला ती दाखवायला घेऊन गेला होता. एकच खोली, मोरी आतच, खिडकीतून कारखान्याची भिंत दिसायची. मला ती राजवाड्यासारखी वाटली. तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला कळलं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी गोड बोलायला लागलात आणि मी घाबरले.

त्यानंतर तुमच्या छातीत कळ आली, ती भर बाजारात. टोपली डोक्यावरून खाली आली आणि तुम्ही तिच्या शेजारी बसलात. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून, हृदयाची नस उघडली. तेव्हा ते सगळं नवीनच होतं, आम्हाला देवाची करणी वाटली. काही महिन्यांत नस पुन्हा बंद झाली, पुन्हा तुम्हाला त्या टेबलावर घेतलं. दुसऱ्या वेळी फार वेळ लागला. आत नळी कुठे जाते आहे ते बघायला एक्स-रे सतत चालू असतो आणि तो सोडणारं यंत्र पेशंटच्या पाठीखाली असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाहेर बाकावर बसलेले आम्ही एवढंच म्हणत होतो, की आतमध्ये फोटो काढताहेत.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तुमची पाठ लाल झाली. मग ती लाली काळवंडली, फोड आले. बोईसरच्या डॉक्टरांनी पोलकं वर करून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. आपल्या भागातले डॉक्टर ते. दुखण्यावर भगताकडून तापल्या लोखंडाचा डाग घेऊन आलेली माणसं त्यांनी रोज बघितलेली. "डाग कोणी दिला? सुधारणार नाही तुम्ही लोक!" तुम्ही म्हणालात, "आमच्या घरात डाग घेत नाय." ते खरंच होतं. "मग हे आपोआप झालं? असा चौकोन? घरात कोणी भाजलं का? खरं सांगा, घाबरू नका."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बस, एवढंच केलंत. बघितलंत, मान खाली घातलीत आणि पदर डोळ्यांना लावलात. तुमचा मुलगा आपल्या दोघींच्या मध्ये उभा होता. त्यानं ते सगळं पाहिलं.

गावात संध्याकाळपर्यंत कालथ्याची गोष्ट तयार झाली. मी म्हणे भाकरी उलटायचा कालथा चुलीत लाल करून झोपलेल्या सासूच्या पाठीला लावला. भाजलं तर त्या क्षणी माणूस ओरडतं, शेजारी ऐकतात, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या लेकीनं चूल ताब्यात घेतली. बोंबील वाळत घालायच्या दांड्यांपाशी मी गेले की बायका उठून पलीकडे जायच्या. माझ्या हातची चिंच घेतली म्हणून एका पोराला त्याच्या आईनं माझ्यादेखत थोबाडलं. तुमचा मुलगा माझ्यावर हात उगारत नव्हता, ओरडत नव्हता. तो नुसता माझ्याकडे पाठ करून जेवायचा. बोईसरच्या खोलीचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही. भाजलेल्या आईला सोडून कोण जाईल?

मग माझे बाबा आले. कोणीतरी त्यांच्यापर्यंत बातमी पोचवली होती. आयुष्यात कोणापुढे न वाकलेला माणूस, चिखलाच्या पायांनी तसाच अंगणात उभा राहिला आणि त्यानं तुमच्यापुढे हात जोडले. "पोरीचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या." चहा मागवलात तुम्ही. शेजारणी जमल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "पोर हाय, चुकली. मी माफ केली तिला." बाबा तुमच्या पाया पडले. आई, ते तुमच्याहून वयानं मोठे होते. जाताना त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, आणि त्यानंतर माहेरचं दार मला कधी नीट उघडलं नाही. तुम्ही केलेलं बाकी सगळं मी सोसलं असतं. तो चहा मी तुम्हाला अजून माफ केलेला नाही.

नस तिसऱ्यांदा बंद झाली. पाठ तोवर वरवर सुकली होती. पुन्हा मुंबईला निघताना तुमच्या मुलानं सगळ्यांना बजावलं, "पाठीचं तिथं काढायचं नाय, घरची अब्रू जाईल." नर्सनं डाग बघून विचारलं तेव्हा तुम्ही चुलीपाशी भाजलं म्हणून सांगितलंत. कोणी खरं बोललं असतं, हा डाग मागच्या वेळी इथून घरी गेल्यावर उठला एवढं जरी म्हटलं असतं, तर कदाचित कोणीतरी थबकलं असतं, यंत्र थोडं तिरकं फिरवलं असतं. तसं झालं नाही. त्याच जागेवर पुन्हा तेच. मग ती जखम उघडली, आणि मिटली नाहीच.

पालघरला चामडीचे नवे डॉक्टर आले होते. त्यांनी जखमेला हात लावायच्या आधी विचारलं, "हृदयासाठी नळी घातली होती का? किती वेळा?" मग आम्हा नवराबायकोला समोर बसवून समजावलं, की हे एक्स-रेनं भाजलेलं आहे, एकाच जागी पुन्हा पुन्हा पडला की कातडी आतून जळते आणि दिसते उशिरा. मी त्यांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाहेर आल्यावर तुमचा मुलगा म्हणाला, "फोटो काढून कोणी भाजतं काय? मोठ्या डॉक्टरानं आईला जीवदान दिलं, याला ते बघवत नाय." मी बोलायला लागले तर थांबवलं मला. "तू नाय केलंस, तर आई तसं बोलली का नाय?"

याचं उत्तर तुमच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी बदलताना मी दार लावून घेतलं आणि तुम्हाला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तुम्ही उशीतून तोंडही वर केलं नाहीत.

"मना ठाव हाय तू नाय केलास. पयल्यापासून ठाव हाय."

"मग सांगा ना त्यांना. एकदाच सांगा."

"सांगितला तं तो तुला घेऊन बोईसरला जाईल. मंग माझी पाठ कोन धुवंल?"

माझ्या हातात ओला कापूस होता. मी तो जखमेवर दाबू शकले असते. मी पट्टी बांधली, पातेलं उचललं, पाणी मागे ओतून आले. त्यानंतरही रोज धुतली, तुमचं हृदय थांबलं त्या सकाळपर्यंत.

तुमचा मुलगा आता थकलाय. भांडण झालं की अजूनही म्हणतो, आई मोठ्या मनाची, तुला माफ करून गेली. आता तो पाळीवरून येईल. हे कागद मी त्याआधी फाडून टाकणार आहे, त्याला वाचायला देऊन काही होणार नाही. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्हाला नेताना मी ऊर फुटेपर्यंत रडले. बायकांनी मला धरून ठेवलं होतं. बघा, पस्तावली बिचारी, असं त्या एकमेकींत बोलत होत्या, मला ऐकू येत होतं. आई, मी तुमच्यासाठी रडत नव्हते. मी निर्दोष आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, असं माझ्या जगात एकच माणूस होतं, आणि त्याला उचलून नेत होते.