दारातला उतारा

३ फेब्रुवारी, सोमवार
भोकरहून देगलूरला आलो एकदाचं. सत्यमच्या पप्पाला डाळ मिलात काम लागलं. खोली बेस हाय, नळ दारातच. घरमालकीण नीलम्मा शेजारी ऱ्हाती. मला तंगी मनती, कानडीत धाकली बहीण. सातवी शिकलेली बाई डायरी लिवती मनून हासली, मनली माझं बी चांगलंच लिव. दारात एक भुरं कुत्रं पडून असतंय. सत्यमला आता धा महिने, त्याचं शेपूट वढतो तरी गपच. रांगून रांगून फरशी पुसून काढायलाय माझा बाबा.

५ फेब्रुवारी
नीलम्माची नात दानम्मा, तीन वर्षाची. आठ दिस झाले, अन्नाला शिवना. पर तोंड चालूच. तोंडात काय बी नसताना चावत बसती, डोळे एकाच जागी. नीलम्मा मनली, तंगी, लेकराला हिच्याजवळ आणू नको.

६ फेब्रुवारी
दुपारी भुरं बाहेरून काय तरी खाऊन आलं. तोंडाला पिवळं, लाळ गळायली. मिलात उंदराचं औषध टाकतेत, तेच खाल्लं वाटलं. म्या वरडून नीलम्माला इचारलं, कुत्र्यानं काय तरी खाल्लंय, काय करू. आतून एकच शबुद आला, उतारा.
आमच्याकडं इखाला उतारा मिठाचं पाणी. तांब्याभर घशात वतलं. उंबऱ्यावरच वकलं. पिवळा भात, अंड्याचं टरफल, काळा दोरा.
तवा कळालं ती कोणता उतारा मनली.
फडकं आणूस्तोर सत्यमचे दोन्ही हात त्यात.

७ फेब्रुवारी
दानम्मा आज भाकर मागून खायली. नीलम्मा भांडली असती तर बरं वाटलं असतं. मनली, नातीवरून ववाळून तीन वाटा मिळतेत त्या तिकाटण्यावर ठेवला होता, कुत्र्यानं खाल्ला का पीडा त्याच्यासंगं जाती, मागं वळून बघितलं तर माघारी येती. तू दारात उतरून घेतलास बाई. तंगी न्हाई मनली. कुलूप लावून नातीला उदगीरला घेऊन गेली.

९ फेब्रुवारी
सत्यम दूध घेईना. तोंड चालूच. डॉक्टर मनला दात येऊ लागलेत. ह्याचे पप्पा मनले तू येडी हाईस. लेकरू हासना, रडना.

११ फेब्रुवारी
पापणी हालंना त्याची —
म्या बी भात केला. ववाळला. तिकाटण्यावर नेऊन ठेवला. भुऱ्याला हाका मारल्या. वास घेतला, मागं सरलं, पळालं. कावळा बी येईना. दुपारभर बसले. कुणीच खाईना तर मंग —

१२ फेब्रुवारी
सत्यम दूध पेला. रडला. लई ग्वाड रडला.
भात म्या खाल्ला.
ह्याच्या पप्पाला ते सांगितलं न्हाई. म्या एवढंच मनलं, लेकराला माझ्या आईकडं भोकरला न्या, आत्ताच. मागं वळून बघू नका. ते कामून इचारले. म्या पदर तोंडात कोंबला, दात थांबनात —
ते निघाले. बघितलं न्हाई त्यांनी. बरं झालं.
पर खांद्यावर घेतलेल्या लेकराचं तोंड मागंच असतंय, त्यो माझ्याकडं —