मागच्या व्हरांड्यातली दिवाळी

लातूर, ८ नोव्हेंबर १९८२

दिवाळीला उदगीरला घरी जायचं नाही! कॉलेजातल्या शिवमूर्ती सरांचा हुकूम – राष्ट्रीय सेवा योजनेची सगळी पोरं दवाखान्यात. लहान मुलांच्या वॉर्डात आकाशकंदील, गाणी, फराळ. 'आजारी बाळांच्या ओठांवर हसू फुलवायचंय, सिंधू!' सरांच्या ओठांवर ते आत्ताच फुललंय. कारण साहेब येणार – नव्या जिल्ह्यातले बडे साहेब. जिल्हा झाल्यापासून नळाला पाणी कमी आणि साहेब उदंड!

१० नोव्हेंबर

वॉर्ड पाहून आले. जुलाब-उलट्यांची साथ. विहिरी आटल्या, लोक डबक्यातलं पितात. एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. निलंग्याकडच्या वाडीची दानम्मा लेकीजवळ बसलेली. लेक कमलम्मा, पाच-सहा वर्षांची, हाताला सलाईन. वाडीला टँकर आत्ता कुठे सुरू झालाय म्हणे – पोरगी आजारी पडल्यावर.

मी मोठ्या उत्साहात लाडू-चिवड्याचं सांगितलं. दानम्मा बघतच राहिली. 'बाई, पोटात पाणी टिकून नाही राहिलं. लाडू कुठं टिकतंय?'

सरांना सांगितलं. म्हणाले, 'फराळ प्रतीकात्मक आहे.'

१३ नोव्हेंबर

दिवसभर कंदील. खळीने बोटं चिकटली. वर्गातला भुजंग हसण्याच्या गाण्याची तालीम करतोय. ऐकून रडू येतं.

१५ नोव्हेंबर

सकाळी गेलो तर वॉर्ड चकाचक – आणि पोरं गायब! सगळी मागच्या व्हरांड्यात. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या.

'खरी आजारी पोरं रडतात,' सर म्हणाले. 'साहेबांसमोर बरं दिसत नाही.'

मग खाटांवर कोण? कारकुनांची, ड्रायव्हरांची पोरं, आणि सरांचे दोन भाचे! गुबगुबीत, नवे कपडे, वर पांढरी चादर. एकाने चादरीत टिकल्यांचं पिस्तूल लपवलेलं.

साहेबांनी सरांच्या एका भाच्याला लाडू भरवला. त्याने दुसरा मागितला. साहेब गहिवरले. 'काय भूक आहे! कोण म्हणतं साथ आहे?' टाळ्या! फोटो!

मी भुजंगला ओढत मागे नेलं. तिथे गाणं कुठलं सुचायला? तो इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाला, 'पाणी उकळू का?' नर्सबाईंनी स्टोव्ह दिला. पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ-साखर घातली, चमच्या-चमच्याने पाजत सुटलो. कमलम्माने थोडं घेतलं. आम्ही श्वास रोखून बसलो – ओकली नाही! जरा वेळाने तिने माझी वेणी ओढली. दानम्मा केवढ्याने हसली!

फोटोग्राफर तेव्हा पुढेच होता.

१८ नोव्हेंबर

पेपरात लाडू भरवतानाचा फोटो, कोपऱ्यात मीही. 'साथ संपली, बालके ठणठणीत.' ठणठणीत म्हणजे सरांचा भाचा.

कमलम्मा मात्र खरंच बरी होऊन काल घरी गेली. लई आनंद झाला. तरी सरांकडे गेलेच. 'सर, हे छापलंय ते खोटं आहे.' त्यांनी पेपर जवळ धरला. 'छपाई छान आहे. तुझी साडी काय उठून दिसतेय!'

मग पेपरच्या कचेरीत गेले. तिथले म्हणाले, 'ताई, सणासुदीला चांगलं बोलावं.'

२२ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२६ नोव्हेंबर

दवाखान्याच्या दारात दानम्मा. कडेवर धाकटा, मान टाकलेली. वाडीचा टँकर बंद केलाय – साथ संपली ना! माझं डोकं भडकलं. म्हटलं, 'चला दानम्मा, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे!'

ती म्हणाली, 'येते की बाई. आदी याला खाट तर द्या.'